राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंगचा हंगाम, १६५ सीसीचा वर्ग आणि आपली सोलापूरची पोरं

एकरूखकाठ

मोटोजीपीवर, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक रेसवर, इथे दर रेसच्या रविवारी धागा निघतो, प्रतिसादही भरभरून येतात. पण आपल्याच देशात पावसाळ्याच्या तोंडावर राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंगचा हंगाम सुरू होतो, काही महिने चालतो आणि संपतो, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सोलापुरात गाडीचं वेड असलेली पोरं काय कमी आहेत? जुळे सोलापुरापासून बाळ्यापर्यंत कुठल्याही गल्लीत जा, एखादा तरी आपली यामाहाची आरवन-फाइव्ह पुसत बसलेला दिसेल. म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आपल्याकडच्या मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही संघटना बघते. मोटरसायकलच्या राष्ट्रीय स्पर्धेचं आयोजन मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब करतो, हा क्लब १९५३ सालचा. पूर्वी त्यांच्या रेस शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. १९९० मध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक झाला: एक लॅप (ट्रॅकचा एक पूर्ण वेढा) ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं. दुसरं ठिकाण कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट या दोन्हींपेक्षा मोठं, तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि २०२३ मध्ये मोटोजीपी. तरी राष्ट्रीय हंगामाचं घर तमिळनाडूच.

वर्ग बरेच असतात. प्रो-स्टॉक म्हणजे बाजारात मिळणारीच गाडी रेससाठी तयार केलेली. वरचा प्रो-स्टॉक ३०१ ते ४०० सीसी, त्याखाली प्रो-स्टॉक १६५ सीसी, मग नवशिक्यांचा आणि मुलींचा वर्ग. शिवाय टीव्हीएस आणि होंडा आपापल्या एकाच मॉडेलच्या रेस त्याच शनिवार-रविवारी घेतात. जगन कुमार, राजीव सेतू ही नावं या हंगामातूनच वर आली. जगन तर कितीतरी वेळा राष्ट्रीय विजेता झालाय.

आता माझं म्हणणं. ज्याला मोटरसायकल चालवणं खरोखर शिकायचंय त्याने १६५चा वर्ग बघावा आणि जमलं तर त्याच वर्गातून सुरुवात करावी. स्टॉक गाडीची ताकद अठरा-एकोणीस हॉर्सपॉवर. एवढ्याशा ताकदीत चूक झाकता येत नाही. मोठ्या गाडीवर वळणात घाबरून ब्रेक जास्त दाबला तर बाहेर पडताना ॲक्सिलरेटर पिळून वेळ भरून काढता येतो. १६५ वर वळणात गमावलेला वेग परत मिळवायला पुढचा सगळा सरळ रस्ता खर्ची पडतो. म्हणून ही पोरं ब्रेक कमीत कमी वापरतात, गाडी झुकलेली असतानाच हळूहळू ब्रेक सोडतात, आणि नजर कायम पुढच्या वळणावर.

त्यात सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या, त्यामुळे सहा-सात जणांचा घोळका शेवटच्या लॅपपर्यंत सुटत नाही. पुढच्याच्या मागे हवा कापलेली मिळते, मागचा त्यात घुसतो आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर बाहेर निघून पुढे जातो. शेवटच्या वळणातून पहिला बाहेर पडलेला रेस संपायच्या रेषेवर तिसरा झालेला दिसतो. चेन्नईत या गाड्यांचा एक लॅप दोन मिनिटांच्या आसपास पडतो. सहा लॅपची रेस म्हणजे बारा मिनिटं, आणि त्या बारा मिनिटांत पापणी लवत नाही.

इथल्या कुणी पाहिल्यात का या रेस? कुणाला उतरायचंय का? बोला.

सातरस्ता

दादा, धागा लई भारी. पण एक विचारतो. माझ्याकडं केटीएमची आरसी ३९० हाय. तिला सोडून १५५ सीसीवर बसायचं म्हणजे मन होत नाही बघा. आमचा ग्रुप रविवारी पहाटं बायपासला जातो, गाडी चांगली पळती. थेट ३०१ ते ४०० मध्येच नाव द्यावं का?

लेथवाला

सातरस्ता, आधी बायपासचं बोलू. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टर्निंगचं काम करतो. पहाटे शिफ्टला येणारे कामगार त्याच रस्त्यावरून सायकलीवर येतात. तुझा वेग त्यांना अंधारात समजतच नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यासाठीच आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलास तर वर्षभरापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी बायपासवर तू काही शिकत नाहीस. तेच वळण पाठोपाठ वीस वेळा, तेच डांबर, समोरून कुणी येणार नाही याची खात्री, आणि पडलास तर घसरायला मोकळी जागा. या चार गोष्टी मिळाल्याशिवाय रेषा, म्हणजे वळणातून गाडी न्यायची वाट, सुधारत नाही.

सातरस्ता

पटलं. ग्रुपवर टाकतो हे.

एकरूखकाठ

आणि वर्गाचं विचारलंस ते. आरसी ३९० प्रो-स्टॉक ३०१ ते ४०० मध्ये बसते, नियमाप्रमाणे अडचण नाही. पण त्या वर्गात समोर कोण असतं ते बघ. वर्षानुवर्षं तोच ट्रॅक गिरवलेले, कंपनीच्या टीमचे रायडर. तुला पहिल्याच दिवशी लॅपमध्ये वेळ कुठे जातोय हे कळायला हवं, आणि ते छोट्या गाडीवर लवकर कळतं. आधी ट्रेनिंग घ्यावं लागतं, त्यावर स्पर्धेचं लायसन्स मिळतं. रजनी कृष्णन यांची अकॅडमी तिकडच्या ट्रॅकवर शिकवते. रजनी स्वतः अनेकदा राष्ट्रीय विजेते झालेले रायडर आहेत. अकॅडमीच्या गाडीवर शिकलास तर तुझी आरसी घरी सुखरूप राहील.

लेथवाला

रेसची गाडी तयार करणं म्हणजे काय, यावर सविस्तर लिहितो. बरीच पोरं समजतात की एक्झॉस्ट बदलला, स्टिकर लावले, झाली रेसची गाडी. मी पुण्याच्या एका मुलाची १६५ची गाडी दोन हंगाम तयार करून दिली, त्यावरून सांगतो.

पहिलं काम काढून टाकण्याचं. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर, आरसे, साइड स्टँड, मागच्या सीटचे फूटरेस्ट, साडीगार्ड, सगळं उतरतं. काच आणि पत्रा ट्रॅकवर पडला तर मागच्याचा टायर फाटतो. साइड स्टँड झुकल्यावर टेकला तर गाडी उचलून फेकते.

दुसरं काम लॉक वायरचं, आणि यातच खरा कस लागतो. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टरच्या झाकणाचे बोल्ट, ऑइल भरायचं बूच, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, यांच्या डोक्यात बारीक भोक पाडायचं आणि त्यातून स्टीलची तार ओवून पिळून बांधायची. तार अशा बाजूने ओढायची की बोल्ट सुटायला लागला तर तारेनेच तो आवळला जावा. उलट्या बाजूने बांधली तर बांधून न बांधल्यासारखी. बोल्टचं डोकं षटकोनी, त्यात एक-दीड मिलिमीटरचं भोक तिरकं पाडायचं म्हणजे ड्रिल घसरतं आणि मोडतं. मी आधी छोटं जिग बनवलं: एका चौकोनी तुकड्यात बोल्ट बसेल अशी खाच आणि वरून ड्रिलला वाट दाखवणारी बुश. मग सेंटर पंच, मंद स्पीड, कटिंग ऑइलचा थेंब, आणि दर दोन-तीन टोच्यांनी ड्रिल बाहेर काढून कीस झटकायचा. जिग झाल्यावर ड्रिल मोडणं थांबलं. तार पिळताना दर इंचाला सात-आठ पीळ यायला पाहिजेत. कमी असतील तर ढिली, जास्त असतील तर तार तिथेच तुटते. शेवटचं टोक आत वळवून ठेवायचं, नाहीतर मेकॅनिकचा हात फाटतो.

एवढा खटाटोप कशासाठी? ऑइलचा एक बोल्ट सुटला तर पडणारा तू एकटा नसतोस, तुझ्या मागून येणारे सगळे त्या तेलावर जातात. ट्रॅकच्या कडेला उभे असलेले मार्शल लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा दाखवतात तो यासाठीच: पुढे रस्ता निसरडा आहे. फेअरिंगचा, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचाचा, खालचा पसरट भागही त्याच कारणासाठी, इंजिन फुटलं तर तेल त्यात साठावं. रेडिएटरमध्येही साधं पाणी घालायचं. कूलंट डांबरावर सांडलं की लवकर पुसून निघत नाही.

तिसरं गिअरिंग. कारीचा ट्रॅक आखूड, चेन्नईचा लांब. कारीला मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन-तीन दात मोठं लागतं, म्हणजे वळणातून गाडी लवकर उचलते. चेन्नईत तेच ठेवलं तर सरळ रस्त्यावर इंजिन आधीच लिमिटरला, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला, जाऊन भिडतं. स्प्रॉकेट बदललं की चेनची लांबी, ताण आणि मागचं चाक सरळ आहे का, हे तिन्ही परत मोजायचं. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणांवर विसंबू नका, मी दोरी लावून बघतो.

स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, हे सगळं बघतात. अधिकारी तार हाताने हलवून बघतो, लीव्हरच्या टोकाला गोळी आहे का बघतो, हेल्मेट आणि सूट हातात घेऊन बघतो. तिथे एक तार राहिली तर गाडी ट्रॅकवर जात नाही, मग रात्री दहा वाजता पॅडॉकमध्ये (ट्रॅकमागे टीम आणि गाड्या थांबतात तिथे) बॅटरीच्या उजेडात ड्रिल मारत बसावं लागतं.

पूर्वभाग

लेथवाला अण्णा, जिगचा फोटो टाका की. आमच्या पॉवरलूमच्या वर्कशॉपमध्ये बुश आणि ड्रिल सगळं आहे, बनवून बघतो.

लेथवाला

रविवारी कारखाना उघडला की टाकतो. बुश ईएन-३१ पोलादाची घे आणि हार्ड कर, माइल्ड स्टीलची चार भोकांत झिजते.

पूर्वभाग

कोईमतूरचा विषय निघाला म्हणून लिहितो. कारी स्पीडवे हे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून पडलं. ते कोईमतूरच्या वस्त्रोद्योगातल्या घरातले. स्वतः रेसिंग करायचे आणि रेसच्या गाड्या तिथेच बनवून घ्यायचे. १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. ट्रॅक २००३ ला सुरू झाला. तो उभा करण्यात बी. विजयकुमार यांचा मोठा वाटा, ते एलजीबी कंपनीचे. रोलॉनची चेन आपण सगळे वापरतो ती त्यांचीच.

मी हे एवढ्यासाठी सांगतोय की कोईमतूर हे गिरण्यांचं गाव. आपलंही होतं. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ यातल्या दोन गिरण्यांत होते. गिरणीच्या गावात फिटर, टर्नर, फाउंड्री, इलेक्ट्रिशियन आपोआप तयार होतात. कोईमतूरने ते हात पंप, मोटर, ऑटो पार्ट आणि रेसिंगकडे वळवले. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या आणि हात पुण्याला गेले. पण टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले मेंटेनन्सवाले आजही असले कसबी आहेत की एखाद्या रेसिंग टीमने उचलून न्यावेत. रायडर व्हायलाच पाहिजे असं नाही. सोलापूरचा एखादा मेकॅनिक राष्ट्रीय पॅडॉकमध्ये उभा राहिला तरी मला तेवढाच अभिमान वाटेल.

एकरूखकाठ

वा! हे मला धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं असं वाटायला लागलंय. महाराष्ट्रात कोल्हापूरने हे थोडंफार केलंय. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्टचा ट्रॅक आहे, तिथली मुलं चारचाकीच्या राष्ट्रीय स्पर्धांत गेली. दुचाकीत पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या एनएसएफ २५० आर या रेसच्या गाडीच्या वर्गातून आला आणि पुढे टीव्हीएसकडून पळाला. पुणे आपल्यापासून अडीचशे किलोमीटर. तिथला पोरगा पोचतो तर आपला का नाही?

लेकीची आई

नमस्कार. मी वाचनमात्र असते, आज लिहितेय. माझी मुलगी अकरावीत आहे. गाडीचं वेड वडिलांकडून आलंय, ते हयात नाहीत. मुलींचा वेगळा वर्ग असतो हे इथे पहिल्यांदाच कळलं. ती गेले काही महिने रोज विचारतेय. मला नाही म्हणायचं नाही, पण २०२३ मध्ये त्याच चेन्नईच्या ट्रॅकवर एक लहान मुलगा गेला ती बातमी डोक्यातून जात नाही. मला खरं काय ते सांगा, समजूत घालू नका.

एकरूखकाठ

ताई, खरं तेच सांगतो. ५ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय स्पर्धेच्या फेरीत बेंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा नवोदितांच्या रेसमध्ये पडला, डोक्याला गंभीर दुखापत झाली आणि तो वाचला नाही. आयोजकांनी त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या रेस रद्द केल्या. त्याच वर्षी जानेवारीत त्याच ट्रॅकवर चारचाकीच्या रेसमध्ये के. ई. कुमार हे अनुभवी ड्रायव्हर गेले. ट्रॅक सुरक्षित असतो म्हणजे रस्त्यापेक्षा सुरक्षित असतो, धोका शून्य नसतो. घोळक्यात पडलेल्याच्या अंगावरून मागची गाडी जाणं, हा मोटरसायकल रेसिंगमधला सगळ्यात मोठा धोका, आणि कितीही चांगला सूट घातला तरी तो पुरता जात नाही. जो कुणी तुम्हाला ‘काही होत नाही’ म्हणेल त्याच्याकडे मुलीला पाठवू नका.

सातरस्ता

काकू, पण बाहेरच्या देशांत पाच-सहा वर्षांची पोरं पॉकेट बाइक, म्हणजे पोरांच्या मापाची छोटी मोटरसायकल, चालवतात. लवकर सुरू केलं तरच वर जाता येतं. वयाचं बंधन घातलं तर आपली पोरं मागंच राहणार की.

लेकीची आई

बाळा, लवकर सुरू करण्याला माझा विरोध नाही. पाच वर्षांचं मूल छोट्या गाडीवर, मोकळ्या छोट्या ट्रॅकवर शिकतं. तेरा वर्षांचं मूल मोठ्यांच्या मापाच्या गाडीवर, मोठ्यांसाठी बांधलेल्या ट्रॅकवर, ताशी शंभराच्या वर घोळक्यात, ही वेगळी गोष्ट आहे. आधीची पायरी आपल्याकडे बांधलीच नाही आणि मुलांना थेट वरच्या पायरीवर चढवलं, असं मला ती बातमी वाचून वाटलं होतं. अजूनही तसंच वाटतं.

लेथवाला

ताईंच्या मताशी मी शंभर टक्के सहमत आहे. छोटे ट्रॅक, छोट्या गाड्या, हे आपल्याकडे फार कमी आहे. कार्टिंगचे ट्रॅक गावोगाव झाले तर त्यावरच छोट्या मोटरसायकलीही पळवता येतात. चेन्नईचं पहिलं वळणच वेगाचं, उजवं. सगळा घोळका एकदम त्यात शिरतो. तिथे नवख्याला सोडताना सोडणाऱ्याने दहा वेळा विचार करायला पाहिजे.

एकरूखकाठ

ताई, तुमची मुलगी अकरावीत म्हणजे सोळा-सतराची. रस्त्यावर गिअरची गाडी अठरापर्यंत द्यायची नाही हे पक्कं ठेवा. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवली तर कलम १९९ए खाली पालक आणि गाडीमालक जबाबदार धरतात: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड. सरावाच्या नावाखाली विजापूर रोडवर फेरी नको.

मुलींच्या वर्गाबद्दल. चेन्नईची ॲन जेनिफर या वर्गातलं ठळक नाव. आणि बेंगळुरूची ऐश्वर्या पिसे: तिने राष्ट्रीय रोड रेसिंगही जिंकलं, रॅलीकडेही वळली, आणि २०१९ मध्ये एफआयएम बाहाज वर्ल्ड कप या रॅलीच्या जागतिक स्पर्धेत महिलांच्या गटात पहिली आली. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी पहिली भारतीय. टीव्हीएस मुलींसाठी शहरांत निवड फेऱ्या घेते, त्यातून निवडलेल्यांना ट्रेनिंग आणि कंपनीची गाडी मिळते. घरची गाडी, मेकॅनिक, टायर हा खर्च त्यामुळे वाचतो. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीसाठी मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो.

आणि एक करा. आधी तिला एक फेरी नुसती बघायला न्या. पॅडॉकमध्ये फिरवा. पडून आलेल्या गाड्या आणि हाताला प्लास्टर घातलेली मुलंही तिला बघू द्या. त्यानंतर ती काय म्हणते ते ऐका.

कडक भाकरी

सूटबद्दल थोडं लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक त्यातच होते. मी एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तात सूट मागवला होता. दिसायला झकास, पण ट्रॅकच्या पहिल्या घसरणीतच नितंबावरची शिवण उसवली. चामडं टिकलं, शिवण गेली. तेव्हापासून सांगत असतो: चामड्याची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आहे का बघा, आणि नितंब, कोपर, खांदा इथे दुहेरी चामडं आणि आतून लपवलेली शिवण आहे का ते उलटं करून बघा. पाठीच्या प्रोटेक्टरवर ईएन १६२१-२ छापलेलं हवं. बूट घोट्याच्या वर, ग्लोव्ह मनगट झाकणारे. हेल्मेट डबल डी रिंगचंच (पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळायचं), क्लिकवालं बक्कल ट्रॅकवर चालत नाही. पट्टा आवळून मागून हेल्मेट वर ढकलून बघा, डोक्यातून निघत असेल तर माप चुकलंय.

आणि उन्हाचं. आपण सोलापूरकर मे महिन्यात ४३-४४ अंशांत हिंडतो म्हणून उन्हाला भीत नाही. पण चेन्नईची हवा दमट, घाम वाळतच नाही, आणि अंगावर चामडं. २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली तेव्हा उकाड्यामुळे रेस २४ लॅपवरून २१ वर आणली होती. बेझेकी जिंकला, दुसरा आलेला मार्टिन शेवटी पाण्याअभावी पार गळून गेला होता. ते जगातले सगळ्यात तंदुरुस्त रायडर. आदल्या दिवसापासून मीठ-साखर-पाणी घ्यायला लागा. रेसच्या सकाळी तांब्याभर पाणी ढोसून उपयोग होत नाही.

पूर्वभाग

टायरचं कुणी लिहिलं नाही. चेन्नईचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने, म्हणजे उजवी वळणं जास्त. मागच्या टायरची उजवी कड आधी खलास होते. सरावानंतर हात फिरवून बघा: चांगल्या टायरवर कडेला बारीक दाणेदार पोत येतो, खरखरीत लागतो. त्याऐवजी रबराचे फाटके ओठ निघालेले दिसले तर हवा किंवा सस्पेन्शन चुकतंय. डावी कड मात्र थंड राहते. उजव्या वळणांच्या रांगेनंतर पहिलं डावं येतं तिथे नवे रायडर पडतात ते याच कारणाने.

निवृत्त गार्ड

मी सोलापूर डिव्हिजनमधून निवृत्त झालो. रेसिंगमधलं मला काही कळत नाही, पण इथली मुलं चेन्नई-कोईमतूरला कशी जाणार हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

कोईमतूरला आपल्या स्टेशनवरून थेट गाडी आहे, लोकमान्य टिळक-कोईमतूर एक्सप्रेस. एक रात्र गाडीत जाते, दुसऱ्या दिवशी पोचता. चेन्नईसाठी मुंबई-चेन्नईच्या गाड्या सोलापूरवरूनच जातात. इरुंगट्टुकोट्टई चेन्नई-बेंगळुरू हमरस्त्यावर श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे आहे, म्हणून अरक्कोणमला थांबणारी गाडी धरलीत तर चेन्नई शहराच्या गर्दीत शिरायची गरज नाही, तिथून रस्त्याने जाता येतं. परतीचं रिझर्व्हेशन आधी करा, रविवारी रात्री चेन्नईहून जागा मिळत नाही.

मोटरसायकल पार्सलने न्यायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी हवी, थेंबभर पेट्रोल ठेवून चालत नाही. गाडीच्या नोंदणीच्या कागदाची (आरसी बुकची) प्रत आणि ओळखपत्र लागतं. हँडल, लीव्हर, टाकी, फेअरिंग गोणपाट आणि फोमने नीट बांधा. दोन्हीकडच्या स्टेशनची नावं गाडीवर ठळक लिहा. प्रवासाच्या दिवशी धावतपळत येऊ नका, आदल्या दिवशी पार्सल ऑफिसला येऊन चौकशी करा. रेससाठी दिवे-आरसे काढलेली गाडी स्टेशनपासून ट्रॅकपर्यंत चालवत नेता येणार नाही, तिकडे टेम्पो ठरवून ठेवा.

सातरस्ता

गार्डकाका, लई उपकार झाले. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी टाकीत पेट्रोल ठेवूनच न्यायचा विचार करत होतो.

लेकीची आई

गार्डकाका, सगळ्यांचेच आभार. मी ठरवलंय, या हंगामातली एक फेरी तिच्यासोबत बघायला जायचं. कोईमतूर की चेन्नई? आणि आम्ही दोघी बायकाच असू, तिथे कुठे बसतात, खाण्याची सोय असते का?

पूर्वभाग

काकू, पहिल्यांदा बघायला कारी बरं. ट्रॅक लहान असल्यामुळे एका जागेवरून बराच भाग दिसतो, गाड्या सारख्या समोरून जातात, त्यामुळे कोण कुठे आहे ते कळत राहतं. चेन्नईत लॅप लांब, घोळका नजरेआड जातो. माझा चुलतभाऊ कोईमतूरला लूमच्या स्पेअर पार्टच्या कामाला असतो, त्याचं कुटुंब तिकडेच आहे. मेसेज करा, वहिनींचा नंबर देतो, त्या स्टेशनवर येतील. टोपी, पाण्याची बाटली आणि कानात घालायला फोमचे बोळे न्या. तिला पॅडॉकमध्ये जायचं असेल तर पास कसा मिळतो ते आधी आयोजकांना विचारून ठेवा.

लेथवाला

आणि ताई, तिला सांगा की पॅडॉकमध्ये गेल्यावर गाड्यांचे ड्रेन बोल्ट वाकून बघ. तार कुठून कुठे ओढलीय त्याचं चित्र काढून आण. परत आल्यावर कारखान्यात या, मी तिच्याकडून एक बोल्ट ड्रिल करून घेतो. सातरस्ता, तूही ये. आरसीचं मागचं चाक सरळ आहे का ते दोरीने बघू.

सातरस्ता

येतो की. रविवारी किती वाजता?

लेथवाला

दहाला. बायपासवरून नको, गावातून ये.